गेरूचा पंजा

सुमतीबाईंनी जिन्याशी चपला काढल्या आणि स्वतःच्या माहेरात त्या चोरासारख्या शिरल्या. गिरगावातल्या वाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या. दारावर आता पितळी पाटी होती, ‘महाराजांचे बालपणीचे निवासस्थान’. हे महाराज म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ कमलाकांत, घरातला कमू. लहानपणी नाक पुसायला त्याला ताईच्या परकराशिवाय दुसरं काही मिळत नसे. पुढे तो घर सोडून गेला, महाराज झाला, समाधिस्थही झाला. पण बाईंनी त्याच्या भक्तांत कधी पाऊल टाकलं नाही. “धाकट्या भावाच्या पाया मी पडू? त्यानं माझ्या पडायला हवं,” असं त्या ठणकावून सांगत.

आज आल्या, कारण त्यांचा मुलगा गंगाधर घरी आला नव्हता. परवा सकाळी ऑफिसला म्हणून निघाला तो गेलाच. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रस्तोरस्ती मोर्चे निघत होते आणि त्यांच्यावर गोळ्या चालत होत्या. पोरगा घोषणा ऐकून घरात बसणाऱ्यांतला नव्हता. त्याचे वडील चिंतामणराव हॉस्पिटलं पालथी घालत होते, चौकीवर कोणी धड बोलत नव्हतं. बाईंच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या दाराकडे धावायच्या. शेवटी शेजारची शकू म्हणाली, “महाराजांच्या घरी भिंतीवर पंजा आहे. त्यावर हात ठेवून मागा.” एरवी बाईंनी शकूची टर उडवली असती. आज त्यांनी पदर खोचला आणि संध्याकाळी पुन्हा संचारबंदी लागायच्या आत निघाल्या.

आत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. व्यवस्था पाहणारे बाबुराव लोकांना पुढे सरकवत होते. “महाराज आईवडिलांचे एकुलते एक,” ते सांगत होते. भक्तांनी बाईंना जन्मालाच घातलं नव्हतं, तर भांडणार कोणाशी?

“आणि हा पंजा. बालपणी ध्यानातून उठताना महाराजांनी भिंतीला हात टेकला, त्याचा हा ठसा. कितीदा चुना लावला, वर येतोच. करंगळी बघा, वाकडी आहे. पुढे तपानं सरळ झाली. आजवर ह्या करंगळीवर कोणाची करंगळी बसलेली नाही. ज्याची बसेल, त्याचं मागणं पावलं समजा.”

बाईंनी पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा तो लालसर पंजा त्यांचाच होता. आई चूल सारवायला गेरू कालवत होती, तेव्हा त्यात हात बुडवून सुमीनं भिंतीवर थाड्कन मारला होता आणि लाटण्याचा मार खाल्ला होता. करंगळी त्याच्या आदल्या वर्षी कमूनं दारात चिरडली होती. ती पुढे वाढलीच नाही, आजही तशीच वाकडी होती, पदराखाली झाकलेली. म्हणजे इतक्या आशेनं आल्या त्या स्वतःकडेच. बाईंना रडू आलं आणि भयंकर रागही आला.

त्यांच्या पुढे राधा नावाची बाई उभी होती, घोडपदेवहून चालत आलेली. रांगेत तिनं आपणहून सांगितलं होतं, “माजा कोंडीराम मिलमधना घरला नाय आला. लालबागला गोळी चालली म्हंतात.” तिनं पंजावर हात ठेवला. करंगळी बसेना. पुन्हा ठेवला. “नाय बसत,” ती म्हणाली आणि मागे वळली. “बाय, तुमी ठेवून बगा.” बाई नको नको म्हणेपर्यंत राधानं त्यांचं मनगट धरून हात भिंतीवर टेकवला.

मोठ्या हाताची बोटं ठशाबाहेर आली, पण करंगळी वळणासकट नेमकी बसली. बाबुरावांनी हात जोडले. राधानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. “तुमचा येनार, बाय,” ती म्हणाली. “आनि माजा?”

खरं सांगून टाकावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं. हा हात माझा, यात देव नाही, उगीच रडू नकोस. पण मग ह्या बाईनं इथून काय घेऊन घरी जायचं? बाईंनी तिचा खरबरीत हात पंजावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि तिची करंगळी हळूच वाकवली.

“बसली,” त्या म्हणाल्या. “हे बघा, बसली.”

राधा ओक्साबोक्शी रडली आणि डोळे पुसत, घाईनं जिना उतरून गेली. बाबुराव पुढच्या माणसांना बोलवायला दाराशी वळले. बाईही निघाल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या. बाहेर गल्ली रिकामी होत होती. घरी गेल्यावर दार उघडायला गंगाधर नसेल, ह्या विचारानं त्यांचा पाय उचलेना.

त्या परत फिरल्या. गेरू आईचा, हात आपला, बोट कमूनं चेंगरलेलं, सगळं त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी त्या पंजावर हात टेकला आणि डोळे गच्च मिटले.

“कमू,” त्या पुटपुटल्या, “माझ्या गंगाधरला घरी आण रे. ताईचं एवढं ऐक.”

मग पदर सावरून त्या भिंतीशी वाकल्या आणि धाकट्या भावाच्या पाया पडल्या.