कोणता हत्ती

फर्गसने लापशीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

"मघाशी घातलंस," एल्स्पेथ म्हणाली. "आठवडाभर ते दोन हत्ती डोक्यात घेऊन फिरतोयस. माझी लापशी तरी तुडवू देऊ नकोस त्यांना."

बायकोचं बोलणं ऐकून तो हसला, पण वाटी बाजूला सारली. गेल्या गुरुवारी बुद्धिबळ क्लबचा अंतिम डाव अर्धा राहिला. रिवाजाप्रमाणे त्याने पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद केली: हत्ती वजिराच्या घरात. पण त्या घरात जाऊ शकणारे हत्ती दोन होते. डावा की उजवा, ते लिहिलं होतं का? चर्चचा रखवालदार हॉलच्या दारात किल्ल्या वाजवत होता, एवढंच आठवे. नुसतं 'हत्ती' लिहिलं असेल तर नियमाने डाव गेला. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करत त्याने एकतीस वर्षं या करंडकाची वाट पाहिली होती.

आणि मनात होता डावा हत्ती. घरी पट मांडल्यावर कळलं, जिंकत होता उजवा. डावा आणला, तर समोर खेळणाऱ्या लॅकलनच्या एका प्याद्याने सगळं कोसळत होतं. ते प्यादं लॅकलनला दिसू नये, एवढीच आशा.

संध्याकाळी हॉलमध्ये क्लबच्या पंच मिस लोगींनी बिस्किटांच्या डब्यातून ते पाकीट काढलं. चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"कोणता हत्ती ते लिहिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज शाळामास्तरणीचाच होता. नियम सर्वांना ठाऊक आहे, असंही त्या म्हणाल्या.

लॅकलन पेट्री गावचा औषधवाला. फर्गसच्या आईची शेवटची औषधं त्यानेच रोज घरी आणून दिली होती. त्याने कोटाची बटणं काढली आणि पटासमोर बसला.

"असा करंडक नेला तर बायको घरात घेणार नाही मला. कोणता होता रे मनात? सांग, तोच खेळू."

मिस लोगींनी कागदाची घडी करून तो परत पाकिटात सरकवला. फर्गसने पटाकडे पाहिलं. त्याचा हात उजव्या हत्तीच्या वर गेला, तिथे जरासा थांबला.

मग त्याने डावा हत्ती उचलला आणि वजिराच्या घरात ठेवला.

लॅकलनची नजर थेट त्या प्याद्यावर गेली. म्हणजे त्यालाही ते दिसलं होतं, कदाचित पहिल्याच दिवशी. फर्गसने घड्याळाचं बटण दाबलं.

लॅकलनचं घड्याळ चालू लागलं; त्यातली वेळ संपली की डाव फर्गसचा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, आणि तो प्याद्याकडे नाही, फर्गसकडे पाहत होता.