धाकटीचं अत्तर

घरात धाकटी जाऊ आली की थोरलीच्या हाताला जरा विसावा मिळतो म्हणतात. कलाबाईच्या नशिबी रेशमा आली आणि विसावा राहिला बाजूला, पोटात जळजळ तेवढी सुरू झाली. रेशमा भांडकुदळ असती तरी चाललं असतं. भांडणाऱ्या बाईला कलाबाईनं दोन दिवसांत सरळ केलं असतं. पण ही हसायची, मुकाट्यानं कामं उपसायची आणि वर अत्तर लावायची! आता हसणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

त्यातून धुळ्याचा मे महिना. अकरा वाजले की गल्लीत कुत्रं दिसत नाही, खिडक्यांना ओली पोती लावून घरंच्या घरं आडवी होतात. माणसाला अंगावरचं लुगडंही जड होतं अशा दिवसांत ही बया कानात वाळ्याच्या अत्तराचा फाया घालून घरभर फिरायची. स्वतः लावायची ते लावायची, पडद्याला लावायची, सासूच्या उशीलाही लावायची. तिचा नवरा वना रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा आणि येताना बायकोसाठी एकेक कुपी आणायचा. कलाबाईचा नवरा पितांबर तेलाच्या गिरणीत कामाला. अठरा वर्षांत त्यानं घरी आणलेला वास एकच, सरकीच्या ढेपेचा.

पण खरं दुखणं अत्तराचं नव्हतं. खरं दुखणं होतं सासूचं, पार्वताबाईचं.

पार्वताबाई म्हणजे साधीसुधी सासू नव्हे. तिच्यापुढे कलाबाईनं कधी मान वर केली नाही. भाकरीला पदर सुटला नाही तर म्हातारी ती भाकरी उचलून गाईपुढे टाकायची, तेही एक शब्द न बोलता. कलाबाईनं सगळं सोसलं. सोसताना मनात एकच आशा होती, की कधीतरी ही बाई आपल्याला जवळ बसवील, डोक्यावरून हात फिरवील, म्हणेल की कला, तू केलंस हो माझं. आता होळीपासून म्हातारीचे गुडघे गेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. डॉक्टर म्हणाले, ऊन सरलं की ऑपरेशन करू. तेव्हापासून ती मधल्या अंधाऱ्या खोलीत पडून होती. कलाबाईला वाटलं, आता तरी आपले दिवस आले.

कसले दिवस! कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत. म्हातारी हाक मारायची ती रेशमाला. रेशमा आत गेली की दार लागायचं. आत कुजबुज, मधेच हसू. कलाबाई ताट घेऊन गेली की आतून आवाज यायचा, "उंबऱ्यावर ठेव अन् जाय. रेशमा आत लई येई."

"जाय म्हणते मला!" कलाबाई रात्री जेवताना पितांबरला म्हणाली. "जन्म काढला मी हिच्यापायी. आणि ती कालची पोरगी आत बसून गुलूगुलू करते."

"बरंच की," पितांबर घास घेत म्हणाला. "धाकटी करते तर तुला आराम. सुंठीवाचून खोकला गेला."

कलाबाईनं त्याच्या ताटात भाकरी अशी आपटली की वरण त्याच्या गंजीफ्रॉकावर उडालं. पुरुषांना काय कळणार? तिला आराम नको होता, तिला ती खोली हवी होती.

विचार करकरून तिनं ठरवलं की ही सगळी त्या अत्तराची करणी आहे. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला नाकानं कळतं. रेशमा वासानं तिला भुलवते. मग आपण काय कमी आहोत? एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन ती बाजारात गेली आणि थेट मोतीलाल अत्तरवाल्याच्या दुकानात शिरली. आयुष्यात पहिल्यांदा.

मोतीलालनं तिच्या मनगटावर एकेक काडी टेकवली. "वहिनी, या दिवसांत वाळा घ्या, मोगरा घ्या. डोक्याला थंड."

"वाळा आमच्या जावेकडे आहे. मला त्याच्यावर मात करणारं द्या."

"मात करणारा हिना आहे. पण तो गरम. दिवाळीनंतरचा माल आहे तो, उन्हात नाही सोसायचा."

"सोसायचं माझं मी बघते," कलाबाई म्हणाली. तिला वाटलं, दुकानदार आपल्याला गरीब समजून स्वस्तातलं गळ्यात मारतोय.

घरी पोचेपर्यंत तिनं वाटेतच हिना कानामागे, मानेला, दोन्ही मनगटांना चोपडला होता. वर ऊन, आत घाम. अंगावरचा वास असा चढत गेला की रसवंतीवाल्यानं मान वळवून पाहिलं. तिचं स्वतःचं डोकं घणघणायला लागलं, पण ती हट्टानं तशीच सासूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अरे देवा, हाई काय लायी उनी वं?" म्हातारी आतून किंचाळली. "डोकं उठनं मन्हं! जाय, बाहेर जाय पहिले!"

मागून रेशमा धावली, पंखा घेऊन आत गेली आणि दार लागलं. कलाबाई मोरीत बसून बेसनानं, शिकेकाईनं, शेवटी राखेनं हात घासत राहिली आणि रडत राहिली. हिना मेला जाता जाईना. पोरं नाक धरून जेवली. तिला रेशमाचं तोंड बघवेना, आणि रेशमा आपली जवळ येऊन म्हणते, "अक्का, डोक्याला तेल चोळून देऊ?" म्हणजे जखमेवर मीठच की!

त्यानंतर कलाबाईला जावेचं सगळंच खुपू लागलं. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि ही रोज पहाटे उठून गोधड्या धुणार, लुगडी धुणार, गच्चीवर वाळत घालणार. कोणाला दाखवायला? ही थोर सेवेकरीण आणि आम्ही काय कचरा?

अशाच एका सकाळी रेशमा गच्चीवर धुणं वाळत घालताना चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. कलाबाईनं तोंडानं बडबड चालू ठेवली, पण हातांनी तिला खाली आणलं, तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओसरीत निजवलं. रेशमा ग्लानीत सारखी उठू बघत होती. "अक्का, मला आत जायचंय."

"पडून राहा गुमान. मी मेले नाही अजून."

म्हातारीला उगाच घोर नको म्हणून पितांबरनं तिला काही सांगू दिलं नाही. कलाबाईनं चहा नेला, तर नेहमीसारखंच उत्तर आलं, "ठेव अन् जाय."

दुपार झाली. घरात सगळे झोपलेले. कोनाड्यात रेशमाची कुपी दिसत होती. कलाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. मग उठली, बूच काढलं आणि वाळ्याचं अत्तर मानेला लावलं, पदराला लावलं, कानात फाया घातला. चोरीच होती ती, तिला ठाऊक होतं. पण एकदा, फक्त एकदा तिला बघायचं होतं की त्या खोलीत धाकटीला असं काय मिळतं.

तिनं दार ढकललं. आत मिट्ट काळोख.

"रेशमा, उनी का वं पोरी?" म्हातारीचा आवाज इतका मऊ होता की कलाबाईला तो ओळखूच येईना. असा आवाज हिच्याजवळ आहे? "कोठे व्हतीस? सकायपासून वाट दखी राहिनू. दार लाय पहिले."

कलाबाईनं दार लावलं. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. वाळ्याच्या वासाखाली दुसरा वास होता. उग्र, शिळा. दोन पोरं वाढवलेल्या बाईला तो सांगावा लागत नाही.

"बठ्ठं भिजी गयं दख," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. "सकायपासून तशीच पडेल शे. आते सोसत नही वं माय."

कलाबाईच्या अंगातला राग कुठल्या कुठे गेला. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, कारण त्यांचा आवाज म्हातारीच्या ओळखीचा होता. चाचपडत माठातलं पाणी घेतलं, फडकं घेतलं. म्हातारीला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, गोधडी बदलली. अठरा वर्षं जिच्या नुसत्या खाकरण्यानं तिचा थरकाप व्हायचा, तिचं अंग पोरासारखं हलकं होतं.

"कलाले समजू देऊ नको बरं," म्हातारी हुंदके आवरत म्हणाली. "तुन्हं काय, तू कालदिननी पोर. तुन्हापुढे मले लाज नही. पण कलापुढे मी आज बी सासू शे. तिनी मले अशी दखं ना, ते जीव दी टाकसू मी." तिनं कोरड्या पदरानं नाक पुसलं. "कला शे म्हणून हाई घर शे. हाई बी तिले सांगू नको. शेफारी जाई."

कलाबाईला हुंदका आला, तो तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून गिळला.

"बोलत का नहीस वं आज?" म्हातारीनं हात पुढे केला. हवेत शोधत शोधत तो कलाबाईच्या डोक्यावर आला आणि पदरावरून हळूहळू फिरू लागला. "तू मन्ही लेक शे, रेशमा. लेक शे तू मन्ही."

एक शब्द बोलली असती तर तो हात तिचा झाला असता. पण मग म्हातारीचं काय राहिलं असतं? कलाबाई खाली मान घालून बसली आणि हात थांबेपर्यंत हलली नाही.

ती बाहेर आली तेव्हा रेशमा ओसरीत भिंतीला धरून उभी होती. तिनं कलाबाईच्या हातातली ओली गोधडी पाहिली, वाळ्याचा वास घेतला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, मी तुम्हाला सांगणार होते. पण त्यांनी मला शपथ घातली होती."

"गप बस," कलाबाई खेकसली. डोळे मात्र वाहत होते, ते तिला पुसता येईनात, दोन्ही हात भरलेले. "नीट ऐक. मी आत गेलेच नव्हते. तू गेली होतीस. तूच तिला पुसलंस, तूच लुगडं बदललंस. ती विचारेल, म्हणून सांगून ठेवते."

"हो अक्का."

"आणि तिनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवला," कलाबाई म्हणाली. "खूप वेळ फिरवला."