पाच सेंटिमीटरचा चौकोन

टेलरबाईंचं माप चुकलं, असं तोंडावर सांगायची हिंमत तीस वर्षांत कुणाची झाली नव्हती. त्या मंगळवारी सकाळी ते माप चुकलं, आणि चुकलं ते कुणाच्या अंगावर? पोटच्या पोरीच्या!

पोरीचं घरातलं नाव ढब्बू. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून पडलेलं. आता चोवीस वर्षांची, अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव काही सुटलं नाही. महिन्यापूर्वी ती एकाएकी म्हणाली, "आई, आजीच्या त्या लोकरी कापडाचा मला कोट शिव ना." बाहेर अंगाची लाही होत होती आणि हिला कोट! ते कापड टेलरबाईंच्या आईनं जाताना ठेवलेलं, गडद निळं, जेमतेम एका कोटापुरतं. कात्री चुकली की संपलं, तसं कापड आता कुठे मिळत नाही. पण पोरीनं तोंड उघडून मागितलं होतं. टेलरबाईंनी तिथल्या तिथे मापं घेऊन वहीत लिहिली.

आता बाकीच्या गिऱ्हाइकांचं कापड टेलरबाई हातानंच बेतायच्या. या कोटाचं बेतकाम मात्र कॉम्प्युटरवर करायचं, असा ढब्बूचा हट्ट. दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा. विंडोजनं त्याला धाप लागायची, म्हणून ढब्बूनं ते काढून त्याच्या जागी फुकटातलं लिनक्स घातलं होतं आणि तो तुरुतुरु चालायला लागला होता. प्रिंटर तेवढा नव्हता. तो वरच्या मजल्यावर, टेलरबाईंच्या दिरांकडे. दीर घरांचे नकाशे काढायचे, पक्के विंडोजवाले.

"वहिनी, तुमचं ते फुकटातलं लिनक्स माझ्या प्रिंटरशी बोलायचं नाही," असं त्यांनी सांगूनच ठेवलं होतं.

पण ढब्बूनं ते जमवलं होतं, कोटाचा विषय निघायच्याही आधी. एक अख्खा रविवार ती जिना चढत-उतरत होती. वर जाऊन काकांच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर सगळ्यांसाठी खुला केला, खाली येऊन लिनक्सला त्याचा पत्ता दिला. मध्ये सांबा नावाचं काहीतरी असतं म्हणे, दोघांचा दुभाषी. मग पासवर्डवर गाडी अडली. काका रोज चार आकडे दाबून कॉम्प्युटर उघडायचे, पण नेटवर्कला ते आकडे चालेनात, खरा पासवर्ड हवा. तो काका कधीच विसरलेले. शेवटी टेबलाच्या खणात एका चिठ्ठीवर सापडला. मग प्रिंटरचं मॉडेल यादीत मिळेना. मिळतंजुळतं एक नाव बघून ढब्बू म्हणाली, "हा याचा चुलतभाऊ दिसतोय, चालेल," आणि चाललं! वर कागद पडल्याचा आवाज आला तशी ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. पहिला कागद कसला छापला, हे टेलरबाईंनी विचारलं नाही. पोरीला कसली एवढी घाई, हेही नाही.

तर ढब्बूनं वहीतली मापं कॉम्प्युटरला दिली आणि कोटाचे अठरा कागद छापून आले. टेलरबाईंनी ते जोडून चिकटवले, कडेला कडा नीट जुळल्या. एका कोपऱ्यात रिकामा चौकोन होता. ढब्बू म्हणाली होती, "आई, तो आधी पट्टीनं मोज, पाच सेंटिमीटर भरला पाहिजे." टेलरबाईंनी तो कापून टोपलीत टाकला. तीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईला चौकोन मोजायला सांगते!

मग नेहमीप्रमाणे आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवला. मंगळवारी सकाळी ढब्बूनं तो घातला, आणि बटणं लागेनात.

"श्वास आत घे."

"घेतलाय! आता सोडू का?"

पाठ ताणलेली, खांदे आवळलेले, बाह्या मनगटाच्या वर. टेलरबाईंनी वही पाहिली, पोरीकडे पाहिलं, परत वही पाहिली. "महिन्यात एवढी कशी गं फुगलीस? काय चाललंय तुझं?"

ढब्बूचा चेहरा लालबुंद झाला. "मला उशीर होतोय," म्हणत तिनं कोट काढून फेकला आणि ती कामावर निघून गेली.

टेलरबाई तिथेच टाचण्यांचा डबा घेऊन बसून राहिल्या. पोरगी हल्ली ताटावरून अर्धवट उठायची. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. हाक मारली की दचकायची. आणि आता हे अंग भरलेलं. दिवसभर त्यांनी सुईला हात लावला नाही.

संध्याकाळी ढब्बू आली तशी त्यांनी दार लावून घेतलं. "मला काही सांगायचंय का तुला?"

पोरगी पांढरीफटक पडली. "तुला कळलं?"

"आई आहे मी. अंगावरून कळतं."

"अंगावरून?" ढब्बू बुचकळ्यात पडली.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"आणि पुढे?"

"पुढच्या महिन्याची पाच तारीख."

टेलरबाईंनी बोटं मोजली. परत मोजली. "पुढच्या महिन्यात? अगं, एवढ्यात कसं होईल?"

"होतं आई. सगळे कागद तयार आहेत."

"कागद? लग्नसुद्धा उरकलंस?"

"लग्न? कुणाचं?"

"तुझं! त्या बाळाच्या बापाशी!"

"कसलं बाळ?"

ढब्बू मटकन खाली बसली आणि सगळं बाहेर पडलं. दूर उत्तरेला हवामान मोजणारं एक केंद्र आहे, वर्षातले आठ महिने बर्फात. तिथे तिला काम मिळालंय, चार वर्षांसाठी. नेमणुकीचं पत्र छापून, सही करून लगेच पाठवायचं होतं. म्हणून तो रविवार, म्हणून तो प्रिंटर. आणि म्हणून कोट.

"काकांना माहीत आहे. कागद त्यांच्यासमोरच बाहेर आला ना."

"वा! वरच्या मजल्याला दोन महिने माहीत, आणि खालचा मजला बसलाय बटणं लावत!"

"बाबा गेल्यापासून आपण दोघीच. तू एकटी पडशील. सांगायला तोंडच होईना गं."

बाळ नाही म्हणून टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी असा काही कळवळला की त्यांना वाटलं, त्यापेक्षा बाळ परवडलं असतं. त्या उठून उगाच कपाट आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ढब्बू कामावर गेल्यावर त्यांनी तो कच्चा कोट पुन्हा हातात घेतला. बाळ नाही, मग पोरगी फुगली कशी? आणि बाह्या? जेवून पोट सुटेल, पण चोवीस वर्षांच्या पोरीचे हात लांब कसे होतील? त्यांनी टोपली जमिनीवर उपडी केली, चिंध्यांतून तो चौकोन शोधला आणि पट्टी लावली. चार पूर्णांक सात. चष्मा पुसून पुन्हा लावली. चार पूर्णांक सातच.

म्हणजे पोरगी होती तेवढीच होती. कागद आखडले होते.

समोर टेबलावर निळं कापड पसरलेलं. शेजारी तोकडे कागद, वर कात्री. घरात कुणी नाही. कापावं यावरच, असं टेलरबाईंच्या मनात आलं. कापड संपेल, कोट होणार नाही, आणि बर्फात कोटाशिवाय कुणी जात नाही. त्यांनी कात्रीत बोटंसुद्धा घातली. मग स्वतःचीच लाज वाटून ती खाली ठेवली आणि चौकोन घेऊन जिना चढल्या.

त्यांना बघून दीर उभेच राहिले. "वहिनी, मला वाटलं तिनं तुम्हाला सांगितलं असेल..."

"तुमच्याशी नंतर भांडते, भाऊजी. आधी हे बघा."

दिरांनी आपल्याकडून एक नकाशा छापून मोजला. बरोबर. "तरी मी म्हणत होतो, तुमचं लिनक्स!"

"प्रिंटर तुमचा ना?"

वाद घालत दोघं खाली आले. तासभर ही खिडकी उघड, ती बंद कर. शेवटी दिरांना दिसलं. त्या चुलतभावाच्या नावापुढे कागदाचा आकार भलताच होता, ए-फोरपेक्षा बुटका. लिनक्स बिचारं प्रत्येक पान त्यात मावेल एवढं आक्रसून वर पाठवत होतं. आकार बदलला, 'पानात बसवा' काढून टाकलं, एकच पान छापलं. दीर धापा टाकत वर गेले.

"पाच!" जिन्यातून आरोळी आली. "वहिनी, बरोब्बर पाच!"

टेलरबाईंनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

निघायच्या आदल्या दिवशी ढब्बूनं कोट घातला. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, बटणं झरझर लागली. तिनं कोट काढून आतून पाहिला. शिवणीत दोन्ही बाजूंनी चांगलं तीन-तीन बोटं कापड दुमडलेलं.

"आई, आत एवढं कापड कशाला ठेवलंस?"

"चार वर्षं आहेत. अंगानं भरशील. घट्ट झाला की उसवून सैल करता येतो."

"बरं. तिथल्या कुणा टेलरकडून—"

"तिथल्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. घट्ट झाला की इकडे घेऊन यायचं."

ढब्बूनं त्या दुमडीवरून बोट फिरवलं. "आणि नाहीच झाला घट्ट तर?"

टेलरबाईंनी कोट हातात घेतला आणि शेवटच्या बटणाचा लोंबता दोरा दातानं तोडला.

"तरी यायचं."