बोटावरचं मीठ

२०२२ साली, होळी पंधरा दिवसांवर आली असताना, मुरबे गावच्या इंदुबाईंनी दंडावरचा पट्टा सोडवला आणि सुनेकडे पाहिलं.

"एकशे शहात्तर," हेमाली म्हणाली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. रक्तदाब उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, असं पालघरच्या डॉक्टर अर्चनांनी बजावलं होतं. उजवा डोळा गेल्यात जमा होता आणि डाव्याला आता बोंबील कुठला, मांदेली कुठली, कळेना. इंदुबाईंना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती घरात बसून खाण्याची.

हेमालीनं आकडा ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या पेशंटांसाठी मोबाईलवर चालवलेला हा ग्रुप. सकाळी सगळे आपापले आकडे टाकत. कुणी लसूण सुचवी, कुणी प्राणायाम. इंदुबाई बोलून पाठवायच्या. त्यांच्या आवाजाची लोक वाट पाहत, कारण लसूणवाल्याला त्यांनी एकदा विचारलं होतं, "तुमचा आकडा किती हाय ते आदी सांगा."

तोंडात जातं ते सगळं सांगा, असं डॉक्टरांनी लिहिलं. इंदुबाईंनी खरं तेच सांगितलं. कालवण अळणी, भात अळणी, सुकी मासळी दिवाळीपासून बंद.

दुपारी त्या अंगणात मासे खारवत बसल्या असताना बोईसरच्या कुणा पुष्पलतानं बोलून पाठवलेला निरोप ग्रुपवर आला. हेमालीनं तो ऐकवला.

"मावशी, मासळीचं मीठ अजून बोटानंच चाखता का हो?"

इंदुबाईंचं बोट तोंडातच होतं. खारवणाच्या एकेका टाकीला चार-पाच वेळा, चाळीस वर्षं.

"ते काय खानं हाय?" त्या हेमालीला म्हणाल्या. मग बोट बाहेर काढून लुगड्याला पुसलं, सावकाश, दोनदा. मोबाईल तोंडाशी धरून त्यांनी विचारलं, "चाखते. तुला कोनी सांगितलं?"

"वीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत पाटी घेऊन यायचात. पाटी उतरवली की आधी बोट चाटायचात नि म्हणायचात, मीठ बरोबर हाय. आवाजावरून ओळखलं."

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि चाखणंही बंद करायला लावलं. आकडा उतरला, पण नेमका कशानं, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मे महिन्यात ऑपरेशन झालं.

ग्रुपवर आता तीनशे माणसं आहेत. नव्या माणसाला डॉक्टर अर्चना आधी विचारतात, दिवसभर हाताला काम काय असतं. मीठ हेमाली चाखते आणि सासूच्या धाकानं प्रत्येक वेळी चूळ भरते. इंदुबाई पुन्हा पाटी घेऊन बाजारात बसतात.

पुष्पलता त्या वर्षीच्या डिसेंबरात मुरब्याला आली. खारं तिलाही वर्ज्य, म्हणून शहाळी घेऊन आली. इंदुबाईंनी नव्या डोळ्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण ओळख काही पटेना.

"बोल बगू कायतरी," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.