डाव्या शेपटीची हरणं

लाउशा गावात काचेचं जुनं जनावर ओळखायचं असेल, तर रोझविटाबाईंकडे जायचं, हे आसपासच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक होतं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पण नजर अजून शाबूत. त्यांचा नवरा एगोन दिव्याच्या ज्योतीवर काचेची नळी फुंकून पोकळ हरणं करायचा. बोटाएवढी, चार काड्यांसारख्या पायांवर न डुगडुगता उभी राहणारी. तो जाऊन वीस वर्षं झाली आणि आता त्याच्या हरणांना भाव आला होता. जिवंतपणी दमडीचा मान दिला नाही लोकांनी, तेच आता त्याचं नाव घेऊन दारात उभे राहत.

त्या दिवशी लाइपझिगहून ऑस्टरलोसाहेब आले. लिलाववाले. एगोनच्या कामाची कायमची यादी करत होते. त्यांनी टेबलावर कापूस पसरून सव्वीस हरणं मांडली.

"शेवटचंच त्रास देतोय, बाई. तुम्ही हो म्हणाल ती यादीत, नाही म्हणाल ती बाद. मग यादी बंद."

"आधी केक खा," रोझविटाबाई म्हणाल्या. "रिकाम्या पोटी माणसाला सगळंच खरं वाटतं."

साहेब हसले. बाईंनी पहिलं हरण उचललं, तळहातावर तोललं आणि मागून पाहिलं. खरी गोम शेपटीत असते. जनावर पुरं झालं की शेवटची नळी शेपटीपाशी वितळवून ओढून तोडायची. उजव्या हाताने ओढली की टोक उजवीकडे झुकतं. एगोन उजवा होता.

"हे एगोनचं."

दुसरं, तिसरं, चौथंही एगोनचंच निघालं. पाचव्याची शेपटी डावीकडे होती.

"हे नाही."

साहेबांनी ते बाजूच्या खोक्यात टाकलं. टाकलंच, ठेवलं नाही.

अडुसष्ट साली एगोनचे हात थरथरायला लागले. गावात दिव्यापाशी पुरुष बसायचे, बायका रंगवायच्या आणि खोकी भरायच्या. मग एगोन एप्रन लावून खिडकीत बसू लागला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आतल्या खोलीत पडदा ओढून रोझविटा फुंकत होती, पंधरा वर्षं, जन्माची डावरी. खोक्यांवर नाव त्याचं.

मरायच्या आधी तो म्हणाला होता, "आपण होऊन कुणाला सांगू नकोस गं. माझी लाज राहू दे."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर सांग."

तेव्हापासून त्या खोटं एकदाही बोलल्या नव्हत्या. एगोनचं आहे का म्हटलं की हो किंवा नाही. आणि वीस वर्षांत एकाही शहाण्याने पुढचा प्रश्न विचारला नव्हता, मग कुणाचं? एवढे दोन शब्द. त्याचीच त्या वाट पाहत होत्या. लेक हांबुर्गला, दर रविवारी गुडघ्यांची चौकशी करायची. तिलाही माहीत नव्हतं.

खोक्यात अकरा हरणं झाली. आता राहवेना.

"या अकरांच्या शेपट्या डावीकडे आहेत, बघितलंत का?"

"बघितलं ना. नकला अशाच ओळखतो आम्ही. तुमच्याकडूनच शिकलो."

"पाय बघा यांचे. एगोनपेक्षा बारीक आहेत."

"हो, हात चांगला होता लेकाचा," साहेब म्हणाले. "पण नाव नाही, तर किंमत नाही. ठेवून घ्या तुम्ही, मला ओझंच." त्यांनी कागद पुढे सरकवला. "इथे सही."

बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं आणि मुद्दाम सावकाश सही केली. साहेब हाताकडे बघत होते.

"अरे वा, डावऱ्या तुम्ही. माझी आईपण," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

दारापर्यंत जाऊन ते थबकले, मागे वळले. "एक विचारायचं राहिलंच, बाई."

"विचारा ना," रोझविटाबाई म्हणाल्या.

"झोनेबर्गची बस कितीला?"

"चार दहा," त्या म्हणाल्या. "पळा, नाहीतर चुकेल."

साहेब उतारावरून दिसेनासे झाले. बाई आत आल्या. एगोनचा राग आला, साहेबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तोंडाला काय कुलूप होतं? पण शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो आता सोडवायला येणार नव्हता.

साहेब यादीची एक प्रत त्यांच्यासाठी ठेवून गेले होते. तळाशी त्यांनी लिहिलं होतं: अकरा नग, करणारा अज्ञात. त्यांनी पेन घेतलं, शेवटचा शब्द खोडला आणि त्यावर आपलं नाव लिहिलं. मग अकरा हरणं खोक्यातून काढून खिडकीत मांडली, जिथे एगोन बसायचा तिथे.

समोरची गुडरून कचरा टाकायला बाहेर आली होती. तिने काचेतून पाहिलं आणि हात हलवला.

"छान दिसतायत गं," ती ओरडली. "एगोनची ना?"

"नाही," रोझविटाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

गुडरूनने मान डोलावली, डब्याचं झाकण लावलं आणि घरात गेली.