पानकट्टा

पनवेलच्या जुन्या सरकारी दवाखान्यामागे कमरेइतकी उंच दगडी भिंत आहे. भिंतीपलीकडे एक लांबलचक कौलारू इमारत दिसते. तिला पुढून व्हरांडा आणि मागूनही व्हरांडा, मध्ये नावापुरत्या खोल्या. क्षयरोग्यांसाठी बांधलेलं ते आरोग्यधाम, पण गावातले लोक त्याला ‘हवेचा दवाखाना’ म्हणत. आता तिथे खोक्यांचा आणि मोडक्या खाटांचा पसारा आहे. शेवटच्या एका खोलीत मात्र क्षयरोगाची औषधं मिळतात, आणि तिथे जाण्यासाठी भिंत फोडून एक दार केलं आहे.

दर शनिवारी सकाळी मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना गावातली एखादी जुनी जागा दाखवायला नेतो. शाळेतून निवृत्त झालो, पण फळा सुटला तरी प्रश्न विचारायची सवय सुटली नाही. या खेपेला हवेचा दवाखाना निवडला तो अनुष्कामुळे.

अनुष्का दुसऱ्या मजल्यावर राहते, चौथीत आहे. तिची आई अंकिता क्षयावर औषध घेते आहे. दोन महिन्यांनी थुंकीची तपासणी झाली, ती स्वच्छ आली. आता तिच्यापासून कोणाला धोका नाही, मुलीला जवळ घ्या, एकत्र जेवा, असं डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं. त्यालाही दोन महिने झाले. पण अनुष्काच्या आजीने, सत्यवतीबाईंनी, ते काही मनावर घेतलं नाही. त्यांनी बाजारातून नवं ताट, वाटी आणि पेला आणला आणि तिन्हीवर ‘अंकिता’ असं नाव घालून घेतलं. शेजारणींना वाटलं, सासूला सुनेचं काय कौतुक!

जिन्यात एकदा अनुष्का मला म्हणाली, “सर, आमच्याकडे कुणाच्याच ताटावर नाव नाही. फक्त मम्मीच्या आहे. तिने त्यातच जेवायचं आणि गॅलरीत बसून जेवायचं.”

“आणि तू?”

“मी आजीजवळ, आत. आधी मी आणि मम्मी एकाच ताटात जेवायचो. भाकरीचा पापुद्रा तिचा, मऊ भाग माझा. सर, तुम्ही आजीला सांगा ना. तुमचं सगळे ऐकतात.”

सगळे ऐकत असते तर निम्मा वर्ग गणितात नापास झाला नसता. पण सत्यवतीबाईंचं माहेर जासईचं, आणि त्यांचे वडील हवेच्या दवाखान्यात राहिले होते, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि एवढंच म्हणालो, “शनिवारी मुलांना तिथे नेतोय. मला पुस्तकातलं सांगता येईल, पाहिलेलं तुम्हीच सांगाल.”

“मी काय शिकवनार गुरुजी? मला सही येते तेवढीच,” असं म्हणून त्या हसल्या. आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी फाटकात उभ्या राहिल्या, हातात एक पिशवी घेऊन.

मुलं भिंतीपाशी जमली. मी विचारलं, “ही भिंत एवढी बुटकी का ठेवली असेल?”

“बजेट संपलं असेल,” शार्दूल म्हणाला. त्याचे वडील बिल्डर आहेत.

“पलीकडचं माणूस दिसावं म्हणून,” स्नेहल हळूच म्हणाली.

“बरोबर. मग भिंत घातलीच कशाला?”

यावर बराच खल झाला. मी मध्ये पडलो नाही. पेशंट पळून जातील म्हणून, असं एकाने सुचवलं. तेवढ्या भिंतीवरून तर तूही उडी मारशील, असं दुसऱ्याने त्याला सुनावलं. शेवटी स्नेहलनेच सांगितलं, “दिसावं, पण हात लागू नये म्हणून.”

मग मी त्यांना थोडी माहिती दिली. त्या काळी या रोगावर गोळ्या नव्हत्या. मोकळी हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं, एवढंच औषध. म्हणून खाटा व्हरांड्यात, थंडीतसुद्धा. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार यायचे, उरणकडच्या मिठागरांवरचे यायचे. पुढे इंजेक्शनं आणि गोळ्या आल्या, माणसं घरीच बरी होऊ लागली आणि खाटा रिकाम्या झाल्या. “दवाखाना बंद पडला याचा आनंद वाटावा, असे दवाखाने थोडेच असतात,” मी म्हणालो, आणि सत्यवतीबाईंकडे पाहिलं.

त्यांनी पदर खोचला. भिंतीवर एका जागी सपाट, रुंद दगड बसवलेला आहे, तिथे त्यांनी हात ठेवला.

“यो पानकट्टा. रविवारी आमी जासईवरून यायचो, मी आनि आई. बाबा तिकडं उभा असायचा. आत गेलेलं भांडं भाईर येत नसे, असा कायदाच व्हता. मग दर खेपेला नवा डबा कुठून आननार? म्हनून सगली लोकं केलीच्या पानात बांधून आनायची. पान हितं ठेवायचं आनि मागं सरायचं. मग पेशंटनं पुढं यायचं, पान उचलायचं. बोलायचं ते लांबूनच.”

“म्हणजे पार्सल!” शार्दूल म्हणाला.

“हां, पार्सल. फकस्त पोरगा गाडीवरून येत नसे,” आजी म्हणाल्या, आणि मुलं खिदळली.

त्यांनी पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, वडिलांना आणायच्या तशीच. वास सुटला तसे सगळे पुढे सरकले.

“आजी, तुमचे बाबा बरे झाले का?” स्नेहलने विचारलं.

“झाला तर! ठनठनीत. नंतर कैक वर्सं मिठागरावर राबला. दोन मानसांचं वजन एकटा उचलायचा.”

“मग घरी आल्यावर तुम्ही त्यांच्याबरोबर जेवायचात?”

“छे! त्याचं ताट निरालं. ओटीवर बसून एकटाच जेवायचा. आईनं शेवटपरेंत निरालंच ठेवलं.”

“पण ते बरे झाले होते ना?”

“झाला व्हता.”

“मग?”

सत्यवतीबाईंनी पुडी उगाच पुन्हा नीट बांधली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकून काही उपयोग नव्हता. मी चष्मा पुसत बसलो.

“मला एकदा घास देत व्हता,” त्या म्हणाल्या. मुलांना सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. “सणाचा दिवस व्हता. गोड केलेलं. मी पलाले. तो हसला आनि आपनच खाल्लान. परत नाय कधी दिलान.”

शार्दूलला फार वेळ एका जागी उभं राहणं जमत नाही. “आजी, आपण करून बघू या का? तुम्ही पान ठेवा, मी पेशंट होतो,” असं म्हणून तो दारातून पलीकडे पळाला आणि पोट धरून खोकू लागला.

“असं खोकत नाहीत,” अनुष्का चिडून म्हणाली. “आणि खोकला पोटात नसतो.”

तेवढ्यात औषधाच्या खोलीतून अंकिता बाहेर आली, महिन्याच्या गोळ्यांची पिशवी हातात घेऊन. महिन्यातला हा शनिवार तिचा औषधाचा दिवस. आम्ही इथे असणार हे तिला माहीत होतं, पण सासूबाई भिंतीपाशी उभ्या असतील असं वाटलं नसावं. ती थबकली.

“मावशी, तुम्ही व्हा ना पेशंट!” शार्दूल ओरडला. “तुम्ही तिकडेच आहात. मला नीट खोकता येत नाही.”

त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. अनुष्काने माझा शर्ट घट्ट धरला.

अंकिता चक्क हसली. “व्हायचं कशाला? आहेच मी पेशंट. आणि खोकला माझा कधीच गेला, बरं का!” ती भिंतीजवळ आली. “काय करायचं असतं?”

“आजी पान ठेवून मागे सरणार. मग तुम्ही उचलायचं.”

सत्यवतीबाईंनी पान दगडावर ठेवलं. मुलं वाट पाहत होती. मागं सरायचं होतं. पण त्यांचा हात पानावरच राहिला.

“आजी, मागे!” शार्दूलने आठवण केली.

“गप रं. गुडगं दुकतान माजं,” त्या म्हणाल्या. पान उघडून त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोडवला, त्यावर सुकट घातली आणि भिंतीवरून हात लांब करून अंकिताच्या हातावर ठेवला. “खा. घाईत तिखाट जरा जास्त झालंय.”

अंकिताने घास घेतला. तिखट लागलं तरी तिने बोटंसुद्धा चाटली.

अनुष्का मात्र अजून आजीच्या तोंडाकडे पाहत होती.

“माज्याकडं काय बगतेस? जा की. मऊ भाग तुजा ना?”

ती दारातून गेलीच नाही. भिंतीवरूनच चढून गेली, फ्रॉकची शिवण उसवून घेत. मग बाकीच्यांनाही भूक लागली. एका भाकरीत नऊ जण कसे जेवले हे विचारू नका, पण पान पुसून निघालं. शेवटचा तुकडा अंकिताने सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो तिच्या हातून घेतला आणि सावकाश चावून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गॅलरीत कपडे वाळत होते आणि आत सगळे गोल करून बसले होते. “बसा गुरुजी,” म्हणून सत्यवतीबाईंनी मलाही ताट वाढलं. वरणभात संपत आला तसं खाली कोरलेलं नाव दिसू लागलं, अंकिता.

मी वर पाहिलं.

“चांगलं ताट हाय,” त्या म्हणाल्या. “जो येल तो जेवल त्यात. फेकू का काय?”

समोर अनुष्का आणि तिची आई एका ताटात जेवत होत्या, आणि मऊ भागावरून त्यांचं भांडण चाललं होतं.