नाकाडीचा साबण

त्या घरात धाकट्या सुनेला 'नाकाडी' हे नाव तिच्या थोरल्या दिरांनी ठेवलं. दूध नासायच्या आधीच तिला वास यायचा, कपाटातल्या कोटाला ओल कुठे लागलीय हे ती दाराशी उभी राहून सांगायची. दिरांचा साबणाचा कारखाना होता. नवरा तिथे यंत्रं सांभाळायचा. आणि ती मागच्या खोलीत पानं, साली, मुळं उकळून अर्क काढायची. त्याचा कुणाला उपयोग नव्हता. तिला मात्र त्यावाचून करमत नव्हतं.

बऱ्याच खटपटीनंतर तिची साबणाची एक वडी जमली. आधी लिंबाच्या पानांचा ताजा वास, मग ओल्या लाकडाचा, आणि हात धुतल्यावर कितीतरी वेळ मागे राहणारा हलका धुराचा. तिने ती जेवणाच्या टेबलावर दिरांपुढे ठेवली. त्यांनी हुंगली आणि हसले.

"नाकाडीचे चोचले! लोकांना फेस हवा असतो, धूर नाही." पण वडी त्यांनी खिशात टाकली. कशी केली तेही सहज विचारून घेतलं, आणि तिनेही भोळेपणाने सगळं सांगितलं.

पुढच्या वर्षी शहरात व्यापाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. ती नवऱ्याबरोबर गेली. कारखान्याच्या स्टॉलवर पाऊल ठेवताच तो वास तिच्या नाकात शिरला. तिचाच. वेष्टनावर थोरल्या जाऊबाईंचा फोटो होता, खाली छापलं होतं : 'आमच्या सूनबाईंची निर्मिती.' जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या वेष्टनांचा गठ्ठा सरळ करत राहिल्या, मान काही वर केली नाही.

"भाऊजी, हा माझा साबण आहे."

"अगं, घरातली गोष्ट घरातच राहिली ना?" दीर गिऱ्हाइकाकडे बघत हसले. "तू काय कारखाना काढणार होतीस?"

"जाऊ दे," नवरा कानाशी पुटपुटला.

तिने जाऊ दिलं नाही. एक बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतली. भिंतींना जुन्या वाफेचा वास होता, पण मोरी मोठी होती आणि पाणी भरपूर. सुरुवातीला नाकी नऊ आले. वड्यांना घाम फुटायचा, साच्यातून काढताना तडे जायचे, कधी वास दोन आठवड्यांत उडून जायचा. नवरा कामावरून येऊन साचे घासायला लागला. भावाविरुद्ध तोंड उघडायची हिंमत त्याला नव्हती, पण हात चालत होते. ती ढवळताना दिरांचं ते हसणं आठवायची, आणि हात दुखायचे थांबायचे. राग तिला जेवणासारखा लागत होता.

साबण जमला तेव्हा वेष्टनावर काय छापायचं हे तिचं आधीच ठरलं होतं. मोठ्या अक्षरांत 'नाकाडी', बाकी काही नाही. दिरांनी ते दुकानात पाहिलं त्या दिवशी, म्हणे, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग एका दुपारी जाऊबाई लाँड्रीत आल्या. पर्समधून वडी काढली, पिवळट डागांची.

"आमच्या साबणाला खवट वास येतोय. माल परत येतोय. हे माझ्यावर चिडतात, फोटो माझा आहे म्हणून. तुला कळत असेल ना, काय चुकतंय?"

तिला कळलं होतं, वडी पर्समधून बाहेर यायच्या आधीच. तेल स्वस्तातलं, शिळं होतं, आणि वास धरून ठेवणारा मुळांचा अर्क दिरांनी वायफळ समजून वगळला होता. एका वाक्याचं काम होतं. तिने चहा ओतला, कप पुढे सरकवला.

"मला काय विचारता, ताई? निर्मिती तुमची ना?"

जाऊबाई चहा न घेता गेल्या. तिने मात्र आपला कप चवीने संपवला.

दिरांची गिऱ्हाइकं एकेक करून तिच्याकडे वळली. मोठं हॉटेल आलं, त्यामागून बाकीची. कारखाना बंद पडायच्या बेतात आला तेव्हा दीर स्वतः आले. भट्ट्या आमच्या, नाव तुझं, एकत्र धंदा करू, असं म्हणू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या नाकदुऱ्या काढत होते.

"आधी एक सांगा," ती म्हणाली. "तो पहिला साबण कुणी केला होता?"

साचे भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यातल्या निम्म्या आधी दिरांच्याच कारखान्यात होत्या.

"तू केला होतास," दीर जमिनीकडे बघत म्हणाले.

"मागे ऐकू गेलं नाही."

"हिने केला होता!" त्यांचा आवाज फाटला. "मी घेतला हिच्याकडून. न विचारता."

"बरं. आता निघा. तुमच्या भट्ट्यांना खवट वास लागलाय, माझ्या उपयोगाच्या नाहीत."

नवरा दारात उभा होता. भावाला वाट द्यायला तो बाजूला सरकला. घरी जाताना त्याने विचारलं, "झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली. खोटं नव्हतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

कारखान्याला कुलूप लागलं. त्यानंतर जाऊबाई पुन्हा आल्या, या वेळी काम मागायला. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तू एक शब्द बोलली असतीस, तर माझं घर वाचलं असतं."

"तुम्ही स्टॉलवर एक शब्द बोलला असतात, तर माझा साबण वाचला असता."

दोघींपैकी कुणीच माफी मागितली नाही. शेवटी जाऊबाईंनी खुंटीवरचा एप्रन काढला, कमरेला घट्ट बांधला आणि विचारलं, "कुठून सुरुवात करू?"

तिने मोरीशेजारचे, घासायला टाकलेले साचे दाखवले.